जोर पहिल्या तुकड्यावर

राजापेठ, अमरावती
सोमवार, ४ सप्टेंबर २००६

चि. रागिणीस,

अनेक आशीर्वाद. रामरावांना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण चिकुनगुनिया झाल्यापासून तुमच्या घरात त्यांचंच राज्य चालतं असं तू लिहितेस.

महालक्ष्म्या यथासांग जेवल्या असतील. मी आले नाही म्हणून तू रागावली आहेस, हे तुझ्या पत्रातल्या 'असो'वरून कळलं. तू 'असो' लिहितेस तेव्हा पंगतीतून उठवल्यासारखं वाटतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकलं, मान्य. पण इथे घराघरांत माणसं ताप घेऊन आडवी आहेत. बसमध्ये शेजारी कोण काय घेऊन बसेल याचा नेम नाही. त्या गर्दीतून अकोल्याला यायचं आणि तुझ्या देवीपुढे कण्हत बसायचं, त्यापेक्षा घरी बरी.

फोन बंद आहे. गल्लीत खोदकाम चालू आहे, त्यात तार तुटली असणार. तोवर पत्र लिही. तुझं अक्षर अजून मोत्यासारखं आहे, त्याला थोडं काम मिळू दे.

आता इथलं ऐक. समोरच्या माडीवर चंद्रभान सरांनी इंग्रजी संभाषणाचा क्लास उघडला आहे. बोर्ड अख्ख्या गॅलरीएवढा: 'शेती सोडा, इंग्रजी जोडा.' तो वाचून माझा सकाळचा चहा कडू होतो. हा गृहस्थ 'व्हेजिटेबल' म्हणताना शेवटी टेबल मांडून मोकळा होतो. तो शिकवणार इंग्रजी, आणि लोकांना शेती सोडायला सांगणार. स्वतःच्या पोटात काय जातं, ते कुठल्या माडीवर पिकतं, हे त्याला कोणी विचारत नाही.

पण गर्दी त्याच्याकडे आहे, आणि त्या गर्दीला हसायचं माझं धाडस होत नाही. चांदूर रेल्वेकडे शेवंती पिकवणारे केशवराव आहेत. शनिवारी फुलं बाजारात टाकतात आणि नातीला माझ्याकडे इंग्रजी शिकायला सोडतात. परवा पायरीवर बसून म्हणाले, "बाई, हिले इंग्रजी बोलता आलं पायजे. आमच्या गावात आता सकाळी कोणाच्या घरून आवाज आला नाई, तं शेजारी दार वाजवाले भेतात." मी विचारलं, भेतात कशाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले ठाऊक आहे, मंग काहून विचारता?" त्या दिवशी मी त्या मुलीला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

माझ्याकडे आता मोजक्या मुली उरल्या आहेत. त्यातली एक तुबा. अब्दुल सत्तार पिंजाऱ्याची मुलगी. आईची गादी दर दिवाळीच्या आधी उसवून पिंजून द्यायचे, ते सत्तार. तुबा नर्सिंग पूर्ण करून इथल्याच एका दवाखान्यात राबते. आता आखातातल्या इस्पितळासाठी मुंबईची एक एजन्सी नर्सा निवडते आहे. तोंडी परीक्षा फोनवर. पलीकडची बाई इंग्रजीत विचारणार, हिने इंग्रजीत सांगायचं. सत्तारांच्या घरी दिवसभर पिंजायचं मशीन घरघरत असतं, मोबाइलवर आवाज तुटतो, म्हणून तिने माझ्या घरचा नंबर दिला आहे. ही नोकरी मिळाली तर ते घर वर येईल. कापसाचं काय चाललंय ते तुला अकोल्यात सांगायला नको, आणि शिवाय लोक आता फोमच्या गाद्या घेतात.

तिला शब्द सगळे येतात. घोळ होतो तो जोर कुठे द्यायचा याचा. आपल्या मराठीत शब्दाचे तुकडे पंगतीला बसल्यासारखे असतात, सगळ्यांना सारखंच वाढायचं. इंग्रजीत तसं नाही. दोन नामं जोडून एक केलं की पहिलं नवरदेव होतं. त्याला पाट, त्याला चौरंग. दुसऱ्याने त्याच्या खांद्याला खांदा लावून गुपचूप बसायचं. तुबा म्हणते 'पेन' आणि मग तेवढ्याच जोरात 'किलर'. ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी मारेकरी वॉर्डात शिरला. मी तिला मला शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर फिलोमिनांची जुनी युक्ती दिली. हनुवटीखाली पालथा हात धरायचा आणि शब्द म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल, तितके तुकडे. पेन. किल. अर. पहिल्यावर सगळा भार, दुसऱ्यावर नुसता ओझरता, तिसरा तर श्वासातच विरून जायचा.

तिने विचारलं, "मॅडम, इतना क्या फरक पडता है?" मी म्हटलं, डार्करूम म्हण. जोर पहिल्यावर ठेवला तर एक्सरे धुवायची खोली. दोन्हीवर सारखा दिला तर नुसती अंधारी खोली, दिवा गेलेली. डॉक्टरांनी पेशंटला कुठे शोधायचं? मग तिला पटलं. बापाच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज ऐकत वाढलेली पोर आहे, एक ठोका जड आणि मागचे हलके कसे पडतात ते तिच्या कानात आधीच होतं. ते फक्त इंग्रजीपर्यंत पोचलं नव्हतं.

तानुबाईचा एक विनोद सांगते आणि पुरे करते. ती भाजी घेऊन दारात आली. मला कोथिंबीर हवी होती. मी काहीतरी भलतंच बोलले असेन, कारण ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "काहून बाई, आज माह्यावर इंग्रजी झाडून राहिल्या काय?" मी बोटाने जुडी दाखवली. ती हसली, मीही हसले. ती गेल्यावर ओट्याला धरून बराच वेळ उभी होते, कारण ऊन फार होतं.

तब्येत उत्तम आहे. काळजी करू नये.

तुझी ताई,
शकुन


राजापेठ, अमरावती
शुक्रवार, २२ सप्टेंबर २००६

चि. रागिणी,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. रामरावांनी फोन लावला, तो खणखणीत वाजत राहिला, आणि चिकुनगुनिया डासाने होतो, बसने होत नाही, हेही तू कळवलंस. आभारी आहे. मी जन्मभर मुलींच्या उत्तरपत्रिका तपासल्या, म्हातारपणी माझीच तपासायला तू बसलीस.

बरं. फोन चालू आहे. मी उचलत नाही. दुपारी विमेवाले, कार्डवाले, कोण कोण पोरं नाव घेऊन सलगी करतात, म्हणून उचलत नाही, असं एक कारण मी तुझ्यासाठी तयार ठेवलं होतं. ते लिहितानाच मला त्याची लाज वाटते आहे, तेव्हा राहू दे.

आज सर्वपित्री. आईचं पान वाढलं. गच्चीवर कावळा लवकर शिवला. तिला तिकडे तरी बोलता येत असेल, असा विचार मनात आला आणि माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

तू तिच्याजवळ होतीस. मी सुट्टीला यायची आणि जायची, त्यामुळे मला फक्त तो एक आवाज आठवतो. लकव्यानंतर तिच्याकडे तेवढाच उरला होता, 'बा'. पाणी हवं असलं तरी बा, तुला बोलवायचं असलं तरी बा, आणि कसला राग आला तरी बा. तू त्यातले फरक ओळखायचीस. मला ते कधीच जमलं नाही, आणि तेव्हा मी तुला विचारलं नाही ते आज विचारते. सुरुवात कशी झाली होती? एकदम झाली होती, की आधी थोडं थोडं काही व्हायचं? कोणत्या शब्दाने अडायचं? तुला आठवत असेल तर लिही. नुसती चौकशी आहे.

क्लासची गंमत ऐक. मी हल्ली बोलून शिकवत नाही. फळ्यावर शब्द लिहिते, त्याचे तुकडे उभ्या रेघांनी पाडते, जोराच्या तुकड्यावर टोपी काढते, आणि टाळ्यांनी दाखवते. एक जड, एक हलकी, एक नुसती बोटांची. मुलींनी म्हणायचं. मी मान हलवायची, होय किंवा नाही. मुलींच्या आयांना हे फार आवडलं. शारदामातेची मूक पद्धत, असं एकीने नाव ठेवलं. आणि परवा पाहते तर समोरच्या माडीवर चंद्रभान सर तोंड घट्ट मिटून टाळ्या वाजवताहेत आणि चाळीस पोरं गप्प बसून पाहताहेत. इंग्रजी संभाषणाचा क्लास, आणि आत कोणीच बोलत नाही. बोर्डाखाली आता 'नवीन तंत्रज्ञान' असंही लिहिलं आहे. मी गॅलरीत उभी राहून हसले. मग हसताना ओठ एका बाजूला जास्त जातो का, ते पाहायला आरशापाशी गेले.

तू आता हे पत्र खाली ठेवलं असशील. उचल. मी ठीक आहे. तुला खोटं लिहायचा कंटाळा आला म्हणून खरं लिहिते, घाबरवायला नव्हे.

त्या दिवशी ऊन नव्हतं. तानुबाईसमोर मला कोथिंबीर म्हणायचं होतं. शब्द मला दिसत होता. त्याचा वाससुद्धा येत होता. पण जिभेवर कोणी पाय देऊन उभं असावं तशी ती हलेना, आणि हलली तेव्हा जे निघालं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. चहा निवायला लागतो तेवढा वेळ. मग सगळं जागेवर. मी लगेच 'कोथिंबीर, कोथिंबीर' म्हणत घरभर फिरले, वेड्यासारखी.

तेव्हापासून रोज सकाळी चूळ भरली की मी हनुवटीखाली हात धरते आणि एक शब्द घेते. जोडनाम घेते, कारण त्यात चोरी लपत नाही. टूथब्रश. रेनकोट. वेअरहाउस. पहिला भाग नीट आला की दुसरा त्याच्या मागून आपोआप ओढला जातो. आला की देवाला दिवा लावते. परवा पिलोकेस घेतला. 'पिलो' आलं, दोनदा हाताला हनुवटी टेकली. मग मी थांबले. हात तसाच होता, हनुवटी खाली येईना. उशीचा अभ्रा समोर, दोरीवर वाळत होता. मी त्याच्याकडे पाहत होते आणि माझा हात वाट पाहत होता. तेवढ्या वेळात मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही. अंधारात पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं काहीतरी, पण पाऊल परत घेता येत नाही.

नंतर ते आलं. सगळं येतंच.

मी अजून कोणाला दाखवलेलं नाही. डॉक्टर त्याला नाव देतील. नाव मिळालं की ती गोष्ट पाहुणी राहत नाही, ती घरात राहायला येते. शिवाय गावं ज्या भीतीने रात्री जागतात त्यापुढे माझी ही भीती किती? एक म्हातारी बाई शब्द विसरते. केशवराव ऐकून हसतील. मी स्वतःला हे रोज सांगते, आणि रोज सकाळी हात पुन्हा हनुवटीखाली नेते.

तुबाला यातलं काही ठाऊक नाही. तिचा सराव मी सोडलेला नाही. ती आता 'पेनकिलर' असं म्हणते की सिस्टर फिलोमिनांनी तिला चॉकलेट दिलं असतं. मला वाटतं, तसं म्हणते. माझ्या कानावर माझा विश्वास होता तोपर्यंत मी हे छातीठोक सांगितलं असतं. कानही तोंडाच्याच घरातला.

रामरावांना सांगू नकोस. 'मी येते' असं लिहू नकोस. डॉक्टर हा शब्द तुझ्या पुढच्या पत्रात दिसला तर मी ते वाचणार नाही.

तुझी,
शकुनताई


राजापेठ, अमरावती
बुधवार, ११ ऑक्टोबर २००६

प्रिय रागिणी,

तुझं आणि रामरावांचं कुशल असो. हे पत्र टपालात टाकत नाही. अब्दुल सत्तार उद्या सकाळी अकोल्याला सरकीचं काम घेऊन चालले आहेत, ते जठारपेठेत येऊन तुझ्या हातात देतील. त्यांना चहा विचारू नकोस, रोजे चालू आहेत. पाच मिनिटं बसव मात्र. जे मी लिहिताना गाळेन ते त्यांना विचार. ते गाळणार नाहीत.

तू लिहिलंस की आईलाही आधी तसंच व्हायचं. महिना दीड महिना. तुझं नाव घ्यायला जायची आणि थांबायची, आणि तुम्हाला वाटायचं, वय झालं. तू 'मी येते' असं लिहिलंस. मी पोस्टकार्डावर उलट टपाली 'येऊ नये' एवढे दोन शब्द पाठवले. ते टाकताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

परवा सोमवारी दुपारी तुबाच्या परीक्षेचा फोन यायचा होता. तिची ड्यूटी लांबली. वॉर्डात खाटा पुरत नाहीत, तापाचे पेशंट खाली झोपवले आहेत. मी फोनजवळ खुर्ची ओढून बसले होते. ती यायच्या आत वाजलाच तर काय सांगायचं ते वाक्य सकाळपासून घोकत होते. ती वाटेत आहे, कृपया थांबा. इंग्रजीत चार-पाच शब्द. मी ते झोपेत म्हणू शकले असते.

वेळेआधीच वाजला.

मी उचलला. पलीकडे तरुण बाईचा आवाज, स्वच्छ, घाईतला. "मिस तुबा?" मी घोकलेल्या वाक्यातलं पहिलं 'शी' म्हटलं. मग पुन्हा 'शी'. पुढचं काही नाही. मग तोंडातून एक ओला, जड गोळा बाहेर पडला, आणि माझ्या कानांनी तो ऐकला. फोनमध्ये स्वतःचा आवाज जरा जास्तच ऐकू येतो.

तिला वाटलं, मीच तुबा.

मी 'नाही' म्हणायला गेले. दोन अक्षरांचा शब्द, लहान मूल सगळ्यात आधी शिकतं. तो आला नाही. तिने आवाज सावकाश केला, मठ्ठ मुलीशी करतात तसा. मी स्वतः शेकडो मुलींशी केला आहे तसा. तिने विचारलं, पेशंटला दुखत असेल तर तू काय देशील, तुबा? रागिणी, शब्द माझ्यासमोर उभा होता. त्याच्या तुकड्यांमधल्या रेघा मला दिसत होत्या, पहिल्यावरची टोपी दिसत होती. मी 'पे' म्हटलं. 'पे'. 'पे'. पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, थँक यू तुबा, आम्ही कळवू. आणि फोन ठेवला.

अमरावतीत माझ्याइतकं शुद्ध इंग्रजी कोणी बोलत नाही, असं मी चाळीस वर्षं सगळ्यांना ऐकवलं. त्या पोरीच्या नावावर मी हे बोलून ठेवलं.

तुबा आली तेव्हा रिसीव्हर माझ्या मांडीवर होता. मी तिला खुणा करत होते, फोनकडे, तिच्याकडे, पुन्हा फोनकडे. मला एवढंच सांगायचं होतं की लगेच उलट फोन लाव, ती मी होते. तिने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. रिसीव्हर माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. "मॅडम, मेरे तरफ देखो. दोनो हाथ उपर." मी डावा वर केला. उजवाही केला, असं मला वाटलं. "हँसो." मी हसले. तिचा चेहरा पाहून मी हसणं थांबवलं. "अब बोलो मेरे साथ. व्हीलचेअर." मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. जोर अगदी बरोबर जागी होता तिचा. हे मला त्याही वेळी कळलं, म्हणजे कान शाबूत आहे. तिने पुन्हा म्हटलं, माझी हनुवटी धरून. मग तिने खिडकीतून, तिला सोडून तीनचाकीपाशी थांबलेल्या बापाला हाक मारली, आणि ती हाक ऐकून मला पहिल्यांदा खरी भीती कळली. त्या मुलीने आवाज कधी चढवलेला मी ऐकला नव्हता.

सत्तारांच्या तीनचाकीत कोणाच्या तरी लग्नाच्या गाद्या होत्या. मला त्यांच्यावर आडवी टाकली आणि राजापेठेतून नेलं. चौकात सगळे ओळखीचे. चंद्रभान सरांची पोरं माडीवरून पाहत होती. मी डोळे मिटले, तर लोकांना वाटेल गेली, म्हणून पुन्हा उघडले. सत्तार पुढून सारखे विचारत होते, "म्याडम, ऐकू येऊन राहिलं ना? काही तरी बोला." आणि तुबा मागून, "अब्बू, उनको मत बुलवाओ, गाडी चलाओ."

दवाखान्याच्या दारात ते सुटलं. पहिला शब्द काय आला असेल? मी तुबाला म्हटलं, "फोन." ती म्हणाली, "चुप बैठो."

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी सगळं तुबाला सांगितलं, मी तिथे कपाट असल्यासारखी बसून होते. मी म्हटलं, माझ्या डोक्याबद्दल माझ्याशी बोला. मग बोलले. मेंदूकडे जाणारं रक्त मधेच अडतं आणि सुटतं. प्रत्येक वेळी सुटेलच असं नाही. हे लहान झटके म्हणजे मोठ्या झटक्याने आधी पाठवलेले निरोप. गोळ्यांनी धोका कमी होतो, जात नाही. वाचा जाऊ शकते का, असं मीच विचारलं तेव्हा ते म्हणाले, हो. एकटं राहायचं नाही. हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

घरी आल्यावर तुबा भांडली. तिने मला आजवर कधी उलट उत्तर दिलेलं नाही. "मॅडम, कबसे हो रहा था? पेशंट झूठ बोले तो हमको आदत है. टीचर झूठ बोले तो क्या करें?" मी म्हटलं, तुझी परीक्षा होईपर्यंत मला थांबायचं होतं. ती म्हणाली, "मेरी परीक्षा के लिए आप गूंगी हो जाती? फिर मैं वहाँ जाके किसको क्या मुँह दिखाती?" मग ओढणीने तोंड पुसलं आणि माझ्या गोळ्या वेळेप्रमाणे वाट्यांत लावून ठेवल्या. रोजा सोडायची वेळ टळून गेली होती. तिने माझ्याच स्वयंपाकघरात उभ्याने पाणी प्यायलं.

एजन्सीचं असं झालं की आधी त्यांनी ऐकून घेतलं नाही. नापास झालेली प्रत्येक मुलगी काहीतरी सांगते, असं म्हणाले. शेवटी तिच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरने स्वतः फोन करून सांगितलं, तेव्हा पुढच्या मंगळवारी पुन्हा एकदा विचारायचं कबूल केलं. याच नंबरावर. निवड झाली तर ती ईदनंतर जाईल, आणि जायलाच हवी. तिने 'सोच रही हूँ' असं पुटपुटल्यावर मी तिला फार वाईट बोलले. ती पुन्हा पुटपुटणार नाही.

काल ती म्हणाली, अकोल्याला तुम्ही कळवा, नाहीतर उद्या मी फोन करते. एवढीच मुदत दिली.

म्हणून मी सकाळी बसून तुला एक पत्र लिहिलं. त्यात लिहिलं होतं की मंगळवारी तुबाचा महत्त्वाचा फोन आहे, घरात उचलायला धडधाकट माणूस हवं, तर तू दोन दिवस येऊन जावंस. पत्र चांगलं झालं होतं. त्यात चंद्रभान सरांवर एक परिच्छेदही होता. ते मी फाडलं. मंगळवारी तुबा सुट्टी घेऊन सकाळपासून इथेच बसणार आहे. फोन उचलायला तुझी गरज नाही.

मला भीती वाटते, रागिणी.

मरायची नाही, ते आपल्याला जमेल. मला बोलता न येता जगायची भीती वाटते. मी आयुष्यभर माणसांना तोंडानेच दूर ठेवलं आणि जवळही तोंडानेच केलं, माझ्याकडे दुसरं अवजार नाही. ते गेलं आणि मागे कसलासा एकच आवाज उरला, तर त्यातले फरक ओळखणारं कोण आहे? तू एकटी आहेस. आईपाशी बसून तू ते शिकलीस. चार वर्षं तू ते केलंस, तुझे गुडघे, तुझी झोप त्यात गेली, आणि तेच तुझ्याकडे पुन्हा मागणं अन्याय आहे, हे मला कळतं. तू नाही म्हणालीस तर मी 'असो' लिहिणार नाही.

ते पोस्टकार्ड फाडून टाक. ये. रामरावांनाही आण. खालची खोली त्यांच्या गुडघ्यांसाठी झाडून घेतली आहे. पुढे अकोल्याला यायचं की तुम्हीच इथे राहायचं, ते तू ठरव. मी वाद घालणार नाही, निदान पहिल्या दिवशी.

तू दारात उभी राहशील तेव्हा मी तुला हाक मारेन. मारता आली नाही, तर घाबरून मागे फिरू नकोस. मला तू कोण आहेस ते माहीत असेल.

दाराला आतून कडी न लावता तुझी वाट पाहणारी,
तुझी ताई
शकुन